एका सिलिंडरात अख्खी मारुती

मारुती ८०० आठवते? असंख्य मराठी घरांना पहिल्यांदा स्वतःच्या चारचाकीत बसवणारी ती चिमुकली गाडी. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर, आणि तिघांचं मिळून आकारमान ७९६ सीसी. आता अमेरिकेतली १९६६ सालची पाँटियाक जीटीओ घ्या. हिच्या एका सिलिंडरचा व्यास १०३ मिलिमीटरच्या किंचित वर आणि पिस्टनची धाव ९५ मिलिमीटरच्या किंचित वर. कागद-पेन्सिल घ्या, गुणाकार करा. एका सिलिंडरचं आकारमान येतं ७९६ सीसी! चार माणसं आणि सामान घेऊन खंडाळ्याचा घाट चढणारं मारुतीचं अख्खं इंजिन इथे एकाच भोकात मावलं. आणि अशी भोकं किती? आठ.

अशा गाड्यांना अमेरिकेत मसल कार म्हणतात. कृती अगदी साधी. मध्यम आकाराची, साध्या माणसाला परवडेल अशी दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात कंपनीच्या सगळ्यात थोराड गाडीचं इंजिन बसवायचं. पण मला या गाड्यांचं वेड आहे ते त्यांच्या ताकदीसाठी नाही. ताकदीत आजच्या विजेवरच्या कितीतरी गाड्या यांना मागे टाकतील. मला चकित करते ती वेगळीच गोष्ट. या इंजिनाचा कारभार पाहायला एकही चिप नाही. तरीही ते सेकंदाला शेकडो निर्णय घेतं! ठिणगी नेमकी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, इंजिन अजून गार आहे की तापलं आहे, ड्रायव्हरला आत्ता घाई आहे की निवांतपणा हवा आहे. हे सगळं ठरवतात स्प्रिंगा, छोटी वजनं, रबराचे पडदे आणि धातूच्या पट्ट्या. अशी गाडी विकत घेऊन उघडली की विचार करणारं लोखंड तुमच्या डोळ्यांसमोर असतं. त्याला बोट लावून बघता येतं.

आधी जीटीओच्या जन्माची गोष्ट, कारण तीही कमी विलक्षण नाही. १९६३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून दूर राहायला सांगितलं. वर मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घन इंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा नियम. पाँटियाक विभागात तेव्हा जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी हे इंजिनिअर होते. मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३२६ घन इंचाचं इंजिन बसायचं आणि मोठ्या गाडीत ३८९ चं. गंमत अशी, की पाँटियाकची ही दोन्ही इंजिनं बाहेरून एकाच मापाची होती. फरक फक्त आतल्या भोकांचा. म्हणजे जिथे ३२६ बसतं तिथेच, त्याच बोल्टांवर, ३८९ बसणार! राहिला नियम. तो नव्या मॉडेलला लागू होता. मग यांनी नवं मॉडेल काढलंच नाही. १९६४ च्या टेम्पेस्ट लमान्स गाडीवर सुमारे ३०० डॉलर जादा भरून घ्यायचं एक ‘ऑप्शन’ काढलं आणि त्याला नाव दिलं जीटीओ. विक्री विभागाला पाच हजार गाड्या खपतील याचीही खात्री नव्हती. त्या वर्षी ३२,४५० खपल्या. १९६६ मध्ये, जीटीओ रीतसर स्वतंत्र मॉडेल झाल्यावर, ९६,९४६.

तर समजा, त्यातलीच एक आता तुमच्या दारात उतरली आहे. डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या धंद्यात मराठी इंजिनिअर काही थोडेथोडके नाहीत, तेव्हा कल्पना अगदीच हवेतली नाही.

पहिलं काम पाना हातात घेण्याचं नाही, वाचण्याचं आहे. गाडीचा नंबर वाचा. तो २४२ ने सुरू होतो का? त्यातला २ म्हणजे पाँटियाक आणि ४२ म्हणजे जीटीओ. पुढचा १७ म्हणजे हार्डटॉप, ६७ असेल तर उघड्या टपाची. मग ६, म्हणजे १९६६. मग एक अक्षर: पी असेल तर गाडी मिशिगनमधल्या पाँटियाक शहराच्याच कारखान्यातली. आदल्या दोन वर्षांच्या गाड्यांवर हा पुरावा मिळत नाही, कारण तेव्हा जीटीओ फक्त ऑप्शन होती आणि नंबर लमान्सचाच पडायचा. साध्या लमान्सवर जीटीओची पाटी ठोकून विकणाऱ्यांचं तिथेच फावतं. पण कारखान्याच्या मूळ नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे पैसे भरून नंबर कळवला, की ती गाडी कोणत्या रंगाची, कोणत्या इंजिनाची आणि काय काय बसवून बाहेर पडली, त्याचा कागद मिळतो. इंजिनाचा ठोकळाही बोलतो. मागच्या अंगाला, जिथून डिस्ट्रिब्यूटर आत शिरतो तिथे, ओतकामातच उठवलेली तारीख असते. पहिलं अक्षर महिन्याचं, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. कुठल्या दिवशी लोखंडाचा रस साच्यात ओतला, हे साठ वर्षांनी तुम्ही बोटाने चाचपून वाचताय!

पत्र्याचं काम मी इथे भराभर उरकतो, कारण ते पैशाचं आणि चिकाटीचं काम आहे. एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून खालच्या कडांवरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. मिशिगनकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पत्रा खातं, म्हणून ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतली गाडी महाग. मागच्या काचेची चौकट मात्र जरूर तपासा. काचेभोवतीच्या चकचकीत पट्टीखाली पाणी साठतं, पत्र्याला बारीक भोकं पडतात आणि ते पाणी गुपचूप डिकीत उतरतं. डिकीचा तळ सडला असेल तर रोग बहुधा वर, काचेपाशी असतो.

इंजिन जागं करायच्या आधी ब्रेक. घाई होते, कळतं मला, पण आधी ब्रेकच. ही गाडी सुमारे १६०० किलोची. ताशी १०० किलोमीटरने धावताना तिच्यात किती ऊर्जा असते? साधारण पावणेदोन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल इतकी. ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन चार लोखंडी ड्रममध्ये जाते. ड्रम तापला की फुगतो, फुगला की लायनरपासून दूर सरकतो आणि पायाखालचं पेडल आणखी आणखी खोल जायला लागतं. दोन-तीनदा जोरात थांबल्यावर ब्रेक ‘विरतात’ ते म्हणूनच. त्याहून धडकी भरवणारी गोष्ट मास्टर सिलिंडरमध्ये आहे. १९६६ च्या जीटीओत त्याला एकच कप्पा, चारही चाकांना मिळून! एक रबरी नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक गेला. १९६७ पासून या गाड्यांत दोन कप्पे आले, पुढच्या चाकांचा वेगळा, मागच्यांचा वेगळा. मूळपणाचा कितीही आग्रह असला तरी एवढा एक बदल मी डोळे मिटून करायला सांगेन.

आता इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारायचा नाही. आठही प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, एक रात्र जाऊ द्यायची आणि मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवायचं. फिरलं? मग पुढची युक्ती तर फारच सुंदर आहे. या इंजिनाचा ऑइल पंप डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याने फिरतो. तेव्हा डिस्ट्रिब्यूटर उचलून बाहेर काढा, त्या भोकातून एक लांब सळई पंपापर्यंत घाला आणि वरून ड्रिल मशीन लावून उलट्या दिशेने फिरवा. इंजिन ठार बंद आहे, पण आत तेलाचा दाब चढतोय! ड्रिलचा आवाज जड होतो, हाताला ओढ जाणवते आणि थोड्या वेळात वर रॉकरपाशी मधासारखं तेल पाझरताना दिसतं. एकही स्फोट होण्याआधी सगळे सांधे भिजले.

डिस्ट्रिब्यूटर हातात आलाच आहे, तर थांबूया. आपल्याकडचे जुने मिस्त्री याला डेल्को म्हणतात. माझ्या मते अख्ख्या गाडीतली सगळ्यात हुशार वस्तू हीच.

बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या टोकाशी ठिणगी उडवायला लागतात वीस हजारांच्या आसपास. कुठून आणायचे? कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात, एक जाड आणि थोडा, दुसरा बारीक आणि हजारो फेऱ्यांचा. जाड वेढ्यातून वीज वाहते तेव्हा भोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. आता ती वीज एकदम तोडा. क्षेत्र कोसळतं आणि त्या कोसळण्यातून बारीक वेढ्यात हजारो व्होल्ट उसळतात. म्हणजे ठिणगी वीज देण्याने पडत नाही, तोडण्याने पडते! आणि ती तोडतात दोन चिमुकले पॉइंट. फिरत्या दांड्यावरचा आठ कोनांचा कॅम त्यांना उघडतो, स्प्रिंग मिटवते. उघडल्यावर फट किती? ०.४ मिलिमीटर. शेजारी कंडेन्सर नसेल तर वीज या फटीतूनच उडी मारेल आणि सगळा खेळ तिथेच संपेल.

किती वेळा होतं हे? इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर असताना आठ सिलिंडरांना मिनिटाला १६,००० ठिणग्या लागतात. सेकंदाला २६६. ते दोन पॉइंट सेकंदाला २६६ वेळा उघडतात, मिटतात, आणि प्रत्येक खेपेला कॉइल भरायला त्यांच्याकडे अडीच मिलिसेकंद असतात. पुढच्या ठिणगीच्या वेळी पुन्हा तेच. मैलोन्मैल. ही व्यवस्था शोधली चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने. कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवणारा हा माणूस. १९१० च्या कॅडिलॅकला त्याने कॉइल-पॉइंटची ही जोडी दिली, १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ स्टार्टर. त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ लोटला तरी तीच जोडी जीटीओत होती, आणि आपल्या ॲम्बॅसडरमध्ये, पद्मिनीतही होती.

पण हुशारी पुढेच आहे. ठिणगी पडल्यापडल्या सगळं मिश्रण पेटत नाही. ज्वाळेला पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी माथ्यावर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी पाडावी लागते. किती आधी? हिशेब करून बघा, मजा येईल. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर इंजिन शांत गुरगुरत असताना ठिणगी ६ अंश आधी पडते. त्या वेगाला ६ अंश फिरायला क्रँकला लागतात १.७ मिलिसेकंद. आता ४००० फेऱ्या. १.७ मिलिसेकंदांत क्रँक कुठल्या कुठे गेलेला असतो, म्हणून ठिणगी ३६ अंशांच्या आसपास आधी लागते. आणि ४००० फेऱ्यांना ३६ अंश म्हणजे किती वेळ? दीड मिलिसेकंद! ज्वाळेला द्यायचा वेळ जवळपास तेवढाच, अंश मात्र सहापट. आज हे गणित संगणक करतो. मग इथे कोण करतं?

डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखालचा रोटर काढा, खाली बघा. दोन छोटी लोखंडी वजनं, दोन इवल्या स्प्रिंगा. दांडा वेगाने फिरला की वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात आणि या रस्सीखेचीत जितका विजय वजनांचा, तितका कॅम पुढे सरकतो. ठिणगी तितकी आधी. झालं गणित! बाजूला एक पत्र्याची डबी दिसेल, तिच्यात रबरी पडदा. सरळ रस्त्यावर निवांत जाताना इंजिन हवा कमी घेतं, विरळ मिश्रण हळू जळतं, त्याला आणखी आधी ठिणगी हवी. नेमकं तेव्हाच इंजिनाच्या ओढीने आत निर्वात वाढतं, ते पडद्याला खेचतं, पडदा एका दांडीने पॉइंटची पाटी फिरवतो. रस्ता चढाचा आहे की सपाट, हे या पडद्याला कोणी सांगितलं? इंजिनाच्या श्वासाने.

हे डोळ्यांनी बघायचं तर टायमिंग लाइट आणा. तिचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या वायरीला लावा. त्या प्लगला वीज गेली की ती लुकलुकते, एवढंच तिचं काम. इंजिन चालू करा आणि उजेड पुढच्या पुलीवर धरा. पुली गरगर फिरते आहे, बोट लावाल तर जाईल. पण तिच्यावरची खूण मात्र जागच्या जागी थिजलेली! लाइट प्रत्येक खेपेस नेमक्या त्याच क्षणी चमकते, जेव्हा खूण नेमकी तिथेच असते. आता ॲक्सिलरेटर हळूच वाढवा. थिजलेली खूण चालायला लागते. ती वजनं आत फाकत चालली आहेत आणि तुम्ही त्यांना बंद झाकणाबाहेरून काम करताना पाहताय.

डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाला एक छोटी सरकती खिडकीही आहे. ती उचलायची, चालू इंजिनात षट्कोनी किल्ली घालायची, इंजिन अडखळेपर्यंत फिरवायची आणि मग अर्धा फेरा मागे. पॉइंटची फट जुळली. किती साधं, किती नेमकं!

मग कार्ब्युरेटर. एअर फिल्टर काढा, इंजिन बंदच ठेवा, गळ्यात टॉर्च मारा. गळा मध्ये अरुंद होतो. हवा अरुंद वाटेतून जाताना वेग घेते, वेग वाढला की तिचा दाब पडतो. खाली कुंडीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, तो पेट्रोलला बारीक नळीतून वर ढकलतो. हवा जास्त, तर दाब आणखी कमी, तर पेट्रोल जास्त. प्रमाण आपोआप राखलं जातं, वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. एक अडचण उरते. पाय अचानक दाबला तर हवा लगेच धावते, पेट्रोल जड, ते मागे रेंगाळतं आणि गाडी क्षणभर गुदमरते. म्हणून ॲक्सिलरेटरच्या दांडीलाच एक पिचकारी जोडलेली असते. टॉर्च तशीच धरून हाताने ती दांडी एकदम ओढा. पेट्रोलच्या दोन सुबक धारा गळ्यात उडताना दिसतील. दिसल्या नाहीत, तर गाडी का अडखळते ते कळलं. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, पिचकारीचा पिस्टनही आणि पेट्रोलच्या नळ्याही. त्या सगळ्या नव्या घ्या. चोक उघडतो-मिटतो तो एका गुंडाळलेल्या पट्टीने. तिच्यात दोन धातू पाठीला पाठ लावून जोडलेले असतात आणि ते उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून इंजिन तापेल तशी पट्टी उलगडते आणि चोक उघडतो. पद्मिनीत सकाळी हाताने ओढायची ती दांडी इथे दोन धातूंचं भांडणच ओढतं.

आणि तुमची गाडी ट्राय-पॉवर असेल तर? तर एका रांगेत असे तीन कार्ब्युरेटर, प्रत्येकाला दोन गळे. रोजच्या जाण्यायेण्यात फक्त मधला काम करतो. पुढचा आणि मागचा झोपलेले. पेडल तळाशी टेकवायला निघालात की ते दोघे जागे होतात. या जोडणीसह कंपनी ३६० अश्वशक्ती सांगायची, एका मोठ्या कार्ब्युरेटरसह ३३५. १९६६ हे ट्राय-पॉवरचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षापासून जनरल मोटर्सने कॉर्व्हेटसारखे अपवाद सोडून बाकी गाड्यांवर एकाहून जास्त कार्ब्युरेटर बसवणं बंद केलं.

आता ती गोष्ट सांगतो, जी पहिल्यांदा कळली तेव्हा मला दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर सोळा उंचवटे, प्रत्येकावर एक टॅपेट टेकलेला. जबर स्प्रिंगा त्यांना खाली दाबतात आणि लोखंड लोखंडावर घासतं. काही तासांत झिजून जायला हवं. का झिजत नाही? टॅपेटचा तळ सपाट दिसतो. इंजिनिअर त्याला सपाटच म्हणतात. पण तो सपाट नाही! मधोमध तो किंचित फुगीर आहे, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आणि कॅमचा उंचवटाही एका बाजूला तितकाच किंचित उतरता. त्यामुळे स्पर्श मधोमध न होता जरा बाजूला होतो आणि प्रत्येक धक्क्याला टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो. सतत नवी जागा पुढे येते, झीज कुठेच साठत नाही. खरं वाटत नसेल तर वरची झाकणं काढून इंजिन मंद चालवा, थोडं तेल उडेल, उडू द्या. टॅपेटवरच्या उभ्या पुशरॉड वर-खाली होताना स्वतःभोवती संथपणे फिरताना दिसतील. एखादी फिरत नसेल तर त्या टॅपेटचं आयुष्य संपत आलं.

म्हणूनच या गाडीत वाटेल ते ऑइल घालून चालत नाही. त्या घासणाऱ्या जागेचं रक्षण ऑइलमधलं जस्त-फॉस्फरसचं संयुग करतं. नव्या गाड्यांत ते कमी केलं, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो आणि नव्या इंजिनांत टॅपेटला बहुधा रोलर असतात, त्यांना त्याची तितकी गरज नाही. जुन्या गाडीला जस्त जास्त असलेलं ऑइल शोधून घालायचं. कॅम नवा बसवला असेल तर पहिली वीस मिनिटं इंजिन २००० फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायचं नाही. कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि मंद चालीत ते पुरेसे उडत नाहीत.

पेट्रोलचीही अशीच कथा. सिलिंडरमध्ये मिश्रण १०.७५ पट दाबलं जातं. इतकं दाबलं की साधं पेट्रोल ज्वाळ पोचण्याआधीच भलतीकडे आपोआप पेटतं आणि इंजिन खडखडतं. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, केटरिंगच्याच हाताखाली, थॉमस मिजलीने शिशाचं संयुग घातलं आणि खडखड थांबली. शिवाय शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिला वाचवायचा. पण शिसं हे विष. मुलांच्या मेंदूत गेलेल्या त्या विषाची किंमत जगाने फार मोजली. भारतात ते २००० मध्ये थांबलं, जगातल्या शेवटच्या पंपावर, अल्जीरियात, २०२१ मध्ये. आता तुमच्या गाडीच्या व्हॉल्व्हना शिशाची गादी नाही. हेड उघडायची वेळ आली तर कडक पोलादाच्या बैठका बसवून घ्या आणि पेट्रोल प्रीमियमच भरा.

सगळं जुळलं? मारा स्टार्टर.

तो आवाज! गड-गड, गडड, गड. तो असा लंगडत का येतो? ठिणग्या तर अगदी समान अंतराने पडतात, क्रँकच्या दर ९० अंशांना एक. त्यांचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. आता सिलिंडरांच्या दोन रांगांपैकी फक्त डाव्या रांगेचे उचला: १, ३, ५, ७. १ वरून ३ पर्यंत तीन घरं. ३ वरून ५ पर्यंत दोन. ५ वरून ७ पर्यंत एकच, लागोपाठ. ७ वरून पुन्हा १ पर्यंत दोन. तीन, दोन, एक, दोन. उजव्या रांगेचंही तसंच, जरा सरकलेलं. दोन्ही रांगांचे सायलेन्सर वेगळे, त्यामुळे प्रत्येक बाजूचा पाइप आपला लंगडा ताल वेगळाच वाजवतो. फेरारीच्या आठ सिलिंडरच्या गाड्यांत ठिणग्या डावी-उजवी अशा आळीपाळीने पडतात, म्हणून त्या किंचाळतात. ही गुरगुरते. आणि हे कुणी आवाजासाठी केलेलंच नाही! पिस्टन वरच्या अर्ध्या धावेत खालच्यापेक्षा जास्त वेगाने हलतो, त्यातून एक चिवट थरथर उठते. ती मारायला कॅडिलॅकने १९२३ मध्ये क्रँकचे हात फुलीच्या आकारात, ९० अंशांवर ठेवले. थरथर गेली, इंजिन मखमली झालं आणि ठिणग्यांची वाटणी विस्कटली. जगभर ज्याच्यासाठी माणसं वेडी होतात तो आवाज म्हणजे शांत चालीसाठी केलेल्या उपायाचं उपफळ.

आता बाहेर काढा. डेट्रॉइटहून पाँटियाक शहराकडे जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू या गाड्यांचा हक्काचा रस्ता. साठच्या दशकात रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत तिथे शर्यती लागायच्या. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, हजारोंनी. पाँटियाक हे नाव जनरल मोटर्सने २०१० मध्ये बंद केलं, तरी या गाडीचे दाराचे रबर, मागचे पत्रे, काचेच्या पट्ट्या आजही नव्या बनून मिळतात. एवढ्या लोकांना ती जिवंत हवी आहे.

गाडी ट्राय-पॉवर असेल तर रस्ता मोकळा मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये पेडल हळूहळू खाली न्या. एका ठिकाणी पायाला किंचित अडथळा लागतो. त्याच्या पलीकडे दाबलं की पुढचे-मागचे कार्ब्युरेटर उघडतात, बॉनेटखालून हवा ओढल्याचा घुमारा येतो आणि बॉनेटचं टोक वर उचललं जातं.

परत आल्यावर इंजिन निवू द्या आणि आठही प्लग काढून ओळीने मांडा. चिनी मातीचा भाग चहासारखा फिकट तपकिरी दिसला तर मिश्रण बरोबर. काळा आणि काजळलेला, तर पेट्रोल जास्त. पांढराफटक, तर कमी. कडेचे चार काळपट आणि मधले चार छान असतील, तर गाडी ठीकच आहे, कडेच्या दोन कार्ब्युरेटरांची पाती बहुधा नीट मिटत नाहीयेत आणि झोपायच्या वेळी पेट्रोल पाझरतंय. रविवारी तेवढं बघा.